डोकं आमचं, अक्कल आमची

मागून हॉर्न वाजला की वळून "काय म्हणता भाऊ?" असं विचारणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. विमलअक्का नुसत्या विचारायच्या नाहीत, उत्तराची वाट बघायच्या. स्कूटर डाव्या कडेला घेतलेली, एक पाय जमिनीवर, मान मागे वळवलेली. हॉर्न वाजवणाऱ्याजवळ उत्तर नसायचंच. एकदा एक रिक्षावाला ओशाळून म्हणाला, "काही नाही अक्का, हाताला सवय आहे." "मग हाताशी बोला ना, मले कायले हाका मारता?" असं म्हणून अक्का पुढे निघाल्या. त्या दिवशी मी मागच्या सीटवर होतो. माझी गाडी पंक्चर झाली होती आणि त्या मला मिलपर्यंत सोडत होत्या. बाईच्या मागे बसून भर बाजारातून जायचं म्हणून मी आधीच अंग चोरून बसलो होतो, त्यात हे.

मी जळगावात एका डाळ मिलचे हिशेब लिहितो. अक्कांचं घर आमच्यापासून तीन घरं सोडून. त्या मूळच्या रावेरकडच्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. शहरात उभा संसार करूनही राग आला किंवा माया आली की त्यांच्या तोंडात "मले", "तुले" यायचं. एरवी बोलणं आमच्यासारखंच. अंगाने बारीक, आवाज मात्र शेतात हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा.

कॉलनीत बागेसाठी सोडलेली मोकळी जागा आहे. बागेचा फलक लागला, बाग झाली नाही. त्या जागेवर अक्का बायकांना स्कूटर शिकवायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, अट घालायच्या. अट अशी, की गाडी चालवता आली की पहिली एकटीची फेरी स्वतःच्या कामाची पाहिजे. दळणाला नाही, मुलाला शाळेतून आणायला नाही, नवऱ्याचा डबा पोचवायला तर नाहीच. "स्वतःचं काम म्हणजे काय?" असं माझ्या बायकोने, सुनंदाने विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "ते तुलाच शोधायचं आहे. नाही सापडलं तर गाडी परत आण, अजून शिकायचं बाकी आहे." सुनंदा तिच्या पहिल्या फेरीला मेहरूण तलावावर गेली, काठावर बसली आणि परत आली. हे तिने मला दोन वर्षांनी सांगितलं.

त्यांना स्वतःला गाडी शिकावी लागली ती नवऱ्याच्या दुखण्यात. एकदा भर दुपारी नवऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, दारात मोपेड उभी होती आणि अक्का रिक्षासाठी रस्त्यावर पळत होत्या. रिक्षा मिळाली, दवाखानाही वेळेत गाठला. नवरा गेला तो पुढे, त्याच दुखण्याने. पण ती दारात उभी असलेली मोपेड त्यांच्या डोक्यातून गेली नाही. "पाय असून लंगडी होती मी," एवढंच म्हणायच्या.

शिकवण्याची त्यांची पद्धत वेगळी होती. पहिले दोन दिवस गाडीला हात लावू द्यायच्या नाहीत. रस्त्याकडे पाठ करून, डोळे मिटून उभं करायच्या आणि विचारायच्या, "काय आलं?" रिक्षा, एसटी, ट्रॅक्टर हे कुणालाही कळतं. पण ट्रक भरलेला आहे की रिकामा, वेग कमी करतोय की वाढवतोय, हेही सांगता आलं पाहिजे. केळीने भरलेला ट्रक वळणावर कसा कण्हतो, हे त्या तोंडाने आवाज काढून दाखवायच्या आणि बायका हसून लोळायच्या. "मागे डोळे नाहीत आपल्याला. कान आहेत. त्यावर फडकं बांधू नका." उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधायचा तर कानामागून घ्यायचा. शिकताना हेल्मेट नाही. कान तयार झाले की मग ज्याने त्याने ठरवायचं.

हे नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर लोक वाटेल ते बोलले. अक्का हेल्मेटच्या विरुद्ध नव्हत्या. त्यांच्याकडे स्वतःचं हेल्मेट होतं आणि शहर ओलांडून भुसावळला किंवा पहूरला जायचं असेल तर त्या ते घालायच्या. विरोध सक्तीला होता. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापुढे एकट्या थांबलेल्या अक्का मी पाहिल्या आहेत. मी विचारलं तर म्हणाल्या, "कोणी बघतंय म्हणून थांबलं तर ती भीती. कोणी नसताना थांबलं तर ती अक्कल. मी बायकांना अक्कल शिकवते भाऊ, भीती त्यांच्याकडे घरूनच येते."

मग एका वर्षी हेल्मेटची मोहीम आली. हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही. त्या आठवड्यात आमच्या नाक्यावरच्या पंपावर जे चाललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. रांगेत वीस-बावीस गाड्या आणि हेल्मेट एक. पहिल्याने घातलं, पेट्रोल घेतलं, काढून मागच्याला दिलं. घामाने ओलं झालेलं ते हेल्मेट डोक्याडोक्यावरून मागे चाललं होतं. एका काकांनी तर गडबडीत उलटं घातलं आणि आतूनच "शंभरचं टाक" म्हणाले. पंपावरचा माणूस हसत नव्हता, त्याला त्याचीही सवय झाली होती. अक्कांचा नंबर आला. त्यांचं स्वतःचं हेल्मेट डिकीत होतं. त्यांनी ते काढून गाडीच्या टाकीच्या झाकणाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या. पेट्रोल टाकीत जातंय, टाकीला घातलंय." त्यांना पेट्रोल मिळालं नाही. गाडी ढकलत घरी आल्या.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर वाद झाला. मी सक्तीच्या बाजूचा. मी हिशेबाचा माणूस आहे, मला वाटतं की नियम हा सरासरीसाठी असतो. शंभरातले काही जण मनापासून पाळतील, काही भीतीने पाळतील, काही पाळणारच नाहीत. पण मिळून वाचणाऱ्यांचा टक्का वाढेल. उलटं हेल्मेट घालणाऱ्या काकांसाठी नियम मोडीत काढायचा नसतो.

अक्का म्हणाल्या, "भाऊ, टक्का गाडी चालवत नाही. बाई चालवते."

"पण पडतात तेव्हा टक्क्यानेच पडतात, अक्का."

"तुम्ही लोकांना मेंढरं समजता."

"तुम्ही सगळ्यांना विमलअक्का समजता."

त्या हसल्या. वादात माझा मुद्दा नेमका लागला की त्या अशा हसायच्या. पण मत बदललं नाही.

आता वैशालीबद्दल सांगायला हवं. वैशाली अक्कांची सून. माहेर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं. लग्न होऊन आली तेव्हा साध्या सायकलचीही तिला धडकी. पहिल्या दिवशी अक्कांनी मोकळ्या जागेत गाडीवर बसवलं तर हँडल धरून म्हणाली, "आई, माले भ्याव वाटस." अक्का म्हणाल्या, "वाटू दे. भ्याव मागे बसव आणि चालव." त्याच वैशालीला पुढे एरंडोलच्या एका शाळेत नोकरी लागली. एसटीच्या वेळा जुळेनात, म्हणून ती महामार्गाने रोज स्कूटरवर जाऊ-येऊ लागली. प्रशांतला, म्हणजे अक्कांच्या मुलाला, ते मनातून पसंत नव्हतं. तो बँकेत होता, मितभाषी. नको म्हणाला नाही. बाजारातून पांढरं हेल्मेट घेऊन आला आणि तिच्या पर्सशेजारी ठेवलं. वैशाली ते रोज घालायची. गौरी, त्यांची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. आई दिसेनाशी होईपर्यंत फाटकावर लोंबकळत राहायची.

पंपाच्या प्रकारानंतर अक्कांनी मोर्चा काढायचं ठरवलं. चैत्राचं ऊन होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायका शहरभर होत्या. शे-दीडशे तरी जमल्या. मागणी साधी होती. हेल्मेट ऐच्छिक ठेवा, लोकांना शिकवा, पकडू नका. निवेदन वाचायला वैशाली पुढे होती, कारण शिक्षिका, आवाज स्वच्छ. घोषणा अक्कांची होती: "डोकं आमचं, अक्कल आमची." वाहतुकीचे साहेब बाहेर आले, निवेदन घेतलं, बायकांना पाणी दिलं, "विचार करू" म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला, मधोमध वैशाली, हात वर केलेला. आणि चार-पाच दिवसांत पंपावरची सक्ती खरोखर ढिली झाली. कॉलनीत पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. वाद वेगळा, शेजार वेगळा.

त्यानंतरच्या एका सकाळी अक्कांच्या गच्चीवर बिबडे घालायला बायका जमल्या होत्या. ज्वारीचे हे पापड आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघर होतात आणि एका घरचं काम दहा घरच्या बायका करतात. मला खाटा वर चढवायला बोलावलं होतं. खाली स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर खिळ्याला ते पांढरं हेल्मेट उलटं टांगलेलं आणि त्यात लसूण भरलेला. वर येऊन मी म्हटलं, "वैशाली, हेल्मेटला बढती मिळाली वाटतं."

ती म्हणाली, "मग काय काका. आता घातलं तर पंपावरचा पोरगासुद्धा म्हणेल, मोर्चावाली मॅडम घाबरली. शाळेतल्या मॅडम तर फोटो दाखवून चिडवतात. माझी तर आता हेल्मेट घालायची सोयच राहिली नाही."

सगळ्या हसल्या. अक्का सगळ्यांत मोठ्याने हसल्या. पिठाचा हात तोंडावर धरून म्हणाल्या, "ऐच्छिक म्हणजे ऐच्छिक व माय."

मीही हसलो. विनोद खरंच चांगला होता.

एक मे रोजी शाळेचा निकाल असतो. निकाल वाटून वैशाली परत येत होती. महामार्गाचं रुंदीकरण चाललेलं होतं, पाळधीच्या अलीकडे एका बाजूने कड खोदून ठेवली होती. मागून भरलेला ट्रक आला. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने नंतर सगळं सांगितलं. तो म्हणाला, बाईने वळून बघितलंसुद्धा नाही, आवाजावरच ओळखलं आणि ट्रक जवळ यायच्या आत गाडी बाजूला घेतली. पण बाजूला रस्ता नव्हता. डांबराच्या कडेवरून चाक घसरलं आणि ती पडली. ट्रकचा धक्का लागला नाही. वेगही फार नव्हता. दवाखान्यात मी प्रशांतबरोबर होतो. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, ते मी ऐकलं. अंगावर दुसरी जखम नव्हती. बांगड्या शाबूत होत्या. मार फक्त डोक्याला होता.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

प्रशांत आईला एक शब्दही बोलला नाही. लोक भेटायला येत होते, रस्त्याला शिव्या देत होते, ट्रकवाल्याला देत होते. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या, डोळे कोरडे. तेराव्याची पंगत उठल्यावर सुनंदा आत भांडी आवरायला गेली आणि दारातूनच परत आली. मला म्हणाली, "आत जाऊ नका." नंतर तिने सांगितलं. प्रशांत स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता. त्याने हेल्मेट खिळ्यावरून काढलं होतं, लसूण ताटात ओतला होता आणि आतल्या अस्तराला चिकटलेली सालं एकेक करून वेचत होता. पलीकडे ओट्याशी अक्का उभ्या होत्या. दोघांपैकी कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

महिन्याभराने अक्का माझ्याकडे आल्या. "भाऊ, साहेबांकडे जायचंय. सोबत चला." त्यांच्या हातात अर्ज होता. स्वतः लिहिलेला, अक्षर हललेलं. मोर्चाचं निवेदन मी परत घेते, सक्ती पुन्हा सुरू करा, असा त्याचा मतलब. साहेब तेच होते. त्यांना सगळं माहीत असावं. त्यांनी अक्कांना बसवलं, अर्ज दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"अक्का, हा अर्ज मी घेतो. पण तुम्हाला एक सांगू का? तुमच्या मोर्चामुळे मोहीम थांबली नव्हती."

अक्कांनी अर्जावरून मान वर केली.

"लग्नसराई होती. गावोगावचे वऱ्हाडी पंपावर अडकत होते, तक्रारी आल्या. सबुरीने घ्या असं मोर्चाच्या आधीच सांगितलं गेलं होतं. तुम्ही नसता आलात तरी ती ढिली होणारच होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, म्हणून सांगतोय."

ते भल्या मनानेच बोलत होते. दोष काढून घेत होते बिचारे. मी अक्कांकडे बघितलं आणि मला वाटलं, हे ऐकायला यायला नको होतं. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला. तोवर कधी धरला नव्हता. खाली आल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मोर्चाने सरकारचं काहीच नाही हललं. एका डोक्यावरचं हेल्मेट तेवढं उतरलं."

मला माझ्या पद्धतीने धीर द्यायची सवय आहे. मी त्यांच्यापुढे जबाबदारीची मांडणी केली. खोदलेली कड आणि तिथे फलक नाही, हा मोठा भाग. ट्रकवाला अंगावर आला, हा दुसरा. वैशाली सज्ञान होती, शिकलेली होती, हेल्मेट घरात होतं, न घालणं हे तिने ठरवलं, हाही एक भाग धरायलाच हवा. ह्या सगळ्यात तुमच्याकडे काय उरतं, अक्का? फार थोडं.

त्या म्हणाल्या, "भाऊ, वाटणी नका करू. माझा हिस्सा लहान निघाला तर मी त्याचं काय करू?"

आणि पुढे, "तिने ठरवलं म्हणता. तिने नाही ठरवलं. आधी ती ठरवून घालत होती. मी स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणत गेले आणि तिला घालायची चोरी झाली. सक्तीच की ती. पोलिसांची नाही, माझी. आणि ती बिबड्यांच्या दिवशी माझ्या तोंडावर सांगत होती, तर मी हसले."

शिकवणं बंद झालं. मोकळ्या जागेत गवत वाढलं, मग कुणी मांडवाचे बांबू आणून टाकले. अक्का संध्याकाळी ओट्यावर बसायच्या. समोरून त्यांच्याच शिकवलेल्या बायका, आता त्यांच्या मुलीही, बोडक्या डोक्याने भुर्रकन जायच्या आणि "अक्का" म्हणून हात करायच्या. अक्का हात वर करायच्या, बोलायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "त्यांना सांगा ना. तुमचं ऐकतील."

"ऐकतील म्हणूनच भीती वाटते, भाऊ. माझं ऐकून एक गेली."

"मग सक्ती बरी, हे तरी आता पटलं ना?"

मला बरं वाटावं म्हणून हो म्हणणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. "पंपावरचं ते ओलं हेल्मेट आठवलं की वाटतं, नाही. वैशू आठवली की वाटतं, दंड करायला पाहिजे होता तिला रोज, माझ्यासमोर करायला पाहिजे होता. दोन्ही खरं वाटतं. तुमच्या हिशेबात असं होतं का कधी, दोन्ही बाजू बरोबर आणि मेळ नाही?"

मी म्हटलं, नाही होत. मेळ नसेल तर कुठेतरी चूक असते.

"असेल," अक्का म्हणाल्या.

प्रशांतने बदली मागून घेतली आणि गौरीला घेऊन धुळ्याला गेला. तिथे वैशालीचे आईवडील जवळ होते, मुलीला बघायला माणूस हवं होतं, हे कारण खरंच होतं. दिवाळीला यायचा. आईच्या पाया पडायचा, औषधं आणून ठेवायचा, गॅस सिलेंडर जोडून द्यायचा. "जेवलीस का", "गोळ्या आहेत का", एवढंच बोलणं. पहिल्या दिवाळीला निघताना तो एकच वाक्य जास्तीचं बोलला होता. "आई, गौरीला तू गाडी शिकवायची नाहीस." अक्का "नाही" म्हणाल्या होत्या. तो विषय तिथे संपला आणि दोघांमधलं बाकी सगळंही त्याच्याबरोबर संपल्यासारखं झालं.

अशी सात-आठ वर्षं गेली. महामार्ग चार पदरी झाला. कड खोदलेली जागा आता ओळखूही येत नाही. अक्कांचे गुडघे गेले. त्यांची स्कूटर त्यांनी कुणाला दिली नाही, विकली नाही, अंगणात गोणपाट टाकून ठेवली.

मागच्या वर्षी गौरी एकटीच एसटीने आली. कॉलेजात जाणारी, उंच, चालणं थेट आईचं. सुनंदाने शिऱ्याची वाटी देऊन मला पाठवलं होतं, म्हणून मी तिथे होतो. गौरी पाणीसुद्धा पुरतं प्यायली नाही. "आजी, मला गाडी शिकव. चार दिवस राहते. पप्पांना सांगायचं नाही."

अक्का म्हणाल्या, "नाही."

"का? तू अख्ख्या गावाला शिकवलंस. माझ्या मैत्रिणी सगळ्या चालवतात. मला क्लासला जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, कधी कुणाच्या तरी मागे बसायचं. पप्पा ऐकूनच घेत नाहीत. मी हेल्मेट घालीन ना आजी. शप्पथ घालीन. रोज घालीन."

"तुझ्या बापाले विचार."

"तू आईला शिकवलंस तेव्हा कुणाला विचारलं होतंस?"

"नाही विचारलं. कुणालेच नाही."

"मग मी काय आयुष्यभर मागेच बसू?"

हा प्रश्न अक्कांनी स्वतः मोर्चाच्या दिवशी, उन्हात उभं राहून, शे-दीडशे बायकांना विचारला होता. मला वाटलं, आता त्या उठतील, गोणपाट काढतील. त्या उठल्या नाहीत. गौरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. बठ्ठं बरोबर आहे. बाप चुकत असेल. पण त्याने माझ्याकडे एकच मागितलं आहे पोरी, दुसरं काही मागत नाही तो. ते मी मोडणार नाही. त्याने हो म्हणेपर्यंत बस मागे."

गौरी रडली, चिडली. "तू घाबरलीस आजी," म्हणाली. अक्का म्हणाल्या, "हो." दुसऱ्याच दिवशी ती धुळ्याला परत गेली. तिने रागाच्या भरात बापाला सगळं सांगितलं असावं, आजी काय म्हणाली तेही, शब्दाला शब्द. कारण पुढच्याच्या पुढच्या रविवारी प्रशांत आला. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. चारचाकी घेऊन आला.

मी आणि सुनंदा गेलो तेव्हा तो कपाटातले कपडे बॅगेत भरत होता. "काका, आईला नेतोय. एकटी किती दिवस राहणार." अक्का खाटेवर बसून हे ठेव, ते राहू दे, असं सांगत होत्या. त्यांना कुणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. त्या नको म्हणत नव्हत्या.

मधेच प्रशांत बॅगेची चेन लावता लावता, आईकडे न बघता म्हणाला, "गौरीचं मी अजून काही ठरवलेलं नाही."

"ठरव," अक्का म्हणाल्या. "मी मधे नाही."

"मधे ये असंही मी म्हणत नाही."

"हो."

एवढंच. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ह्या विषयावर दोघं एकमेकांशी बोलल्याचं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

घराला कुलूप लागलं. आम्ही दोघांनी अक्कांना धरून गाडीपर्यंत आणलं. कॉलनीतल्या पाच-सहा बायका फाटकाशी आल्या होत्या. अक्कांना पुढच्या सीटवर बसवलं, पाय आत घेतले. सुनंदा त्यांच्या पदराची टोकं आवरत होती. त्यांनी खांद्यामागून पट्टा ओढला खरा, पण खोबणी काही सापडेना. दोनदा लोखंड लोखंडावर आपटलं. "राहू दे रे," त्या म्हणाल्या, "हात नाही चालत."

प्रशांत आपल्या जागेवर बसला होता. त्याने गाडी सुरू केली होती, ती बंद केली. वाकला, आईच्या हातातून पट्टा घेतला, तिच्या अंगावरून आडवा आणला आणि लावला. खट्ट आवाज आला. मग लावल्यावरही त्याने तो छातीपाशी धरून एकदा जोरात ओढून पाहिला. पुन्हा एकदा ओढून पाहिला. त्याचा हात तिथेच राहिला. मान खाली होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही.

"बसला," अक्का हळूच म्हणाल्या. "बसला रे नीट."

त्याने हात काढला. गाडी पुन्हा सुरू केली. कॉलनीच्या वळणावर ती डावीकडे गेली तेव्हा काचेतून मला अक्का दिसल्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. दोन्ही हातांनी तो पट्टा धरून समोर बघत होत्या.